रिकाम्या खुर्च्यांचा पावसाळा : १९६९ आणि संसदेतील ‘उप’ मंडळी

२१ जुलै १९६९, सोमवार. भारतीय वेळेनुसार सकाळी साडेआठच्या सुमारास नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवले. त्याच दिवशी दिल्लीत संसदेचे पावसाळी अधिवेशन सुरू झाले आणि त्या वेळी देशाच्या घटनात्मक शिखरावर एक विलक्षण दृश्य होते. देशाला निर्वाचित राष्ट्रपती नव्हता. उपराष्ट्रपती नव्हता. लोकसभेला अध्यक्ष नव्हता आणि उपराष्ट्रपती नसल्याने राज्यसभेला सभापतीही नव्हता. राष्ट्रपतिपदाचा कार्यभार सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांच्याकडे होता, त्यामुळे सर्वोच्च न्यायालयातही सरन्यायाधीशांचे काम न्यायमूर्ती जे. सी. शहा यांना पाहावे लागत होते.

तरीही अधिवेशन ठरल्या दिवशी सुरू झाले. पुढील तीन आठवड्यांत स्वतंत्र भारताच्या आर्थिक इतिहासातील एक अत्यंत वादग्रस्त विधेयक दोन्ही सभागृहांतून पार पडले. लोकसभेत अध्यक्षपदाची जबाबदारी सांभाळत होते पुणे जिल्ह्यातील खेड मतदारसंघाचे खासदार रघुनाथ केशव खाडिलकर, तर राज्यसभेत व्हायोलेट अल्वा. एक उपाध्यक्ष, दुसऱ्या उपसभापती. हा धागा या दोन खुर्च्यांविषयी आहे.

प्रथम नावांचा घोळ मिटवू. मराठी वर्तमानपत्रे लोकसभेच्या प्रमुखास कधी ‘अध्यक्ष’ म्हणतात, कधी ‘सभापती’. संविधानाच्या मराठी पाठात मात्र भेद स्पष्ट आहे : लोकसभेला अध्यक्ष आणि उपाध्यक्ष, राज्यसभेला सभापती आणि उपसभापती. राज्यसभेचा सभापती हा पदसिद्ध असतो, कारण जो उपराष्ट्रपती तोच सभापती. तो त्या सभागृहाचा सदस्य नसतो. उपसभापती मात्र सदस्यांनी आपल्यातूनच निवडलेला असतो. म्हणजे राज्यसभेपुरते पाहिले तर सभागृहाने स्वतः निवडलेला पीठासीन अधिकारी हा ‘उप’च होय. हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

‘उप’ या उपसर्गाने आपली दिशाभूल होते, त्याचे कारण आपल्या रोजच्या अनुभवात आहे. खरवई हे एकेकाळचे स्वतंत्र गाव आज कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. अशा गावांनी ग्रामपंचायतीचे उपसरपंच पाहिले, मग नगरपरिषदेचे उपनगराध्यक्ष पाहिले. स्थानिक राजकारणात हे पद बहुधा गटातटांची समजूत काढण्याच्या कामी येते, आणि मुख्य माणूस जागेवर असेपर्यंत ‘उप’ला फारसे कोणी विचारत नाही. संसदेतील उपाध्यक्षही असाच असेल, असा समज त्यातूनच तयार होतो. तो चुकीचा आहे.

लोकसभेचा उपाध्यक्ष हा अध्यक्षांचा हाताखालचा माणूस नाही. अनुच्छेद ९३ नुसार सभागृह आपल्या दोन सदस्यांना ‘शक्य तितक्या लवकर’ अनुक्रमे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष म्हणून निवडते. दोघांसाठी वाक्य एकच आणि शब्दही तेच. उपाध्यक्षाला अध्यक्ष काढू शकत नाहीत. सभागृहच त्याला काढू शकते, तेही चौदा दिवसांची नोटीस देऊन आणि तत्कालीन सर्व सदस्यांच्या बहुमताने. तो खुर्चीत असताना त्याचे अधिकार अध्यक्षांइतकेच असतात आणि त्याने दिलेल्या निर्णयावर अध्यक्षांकडे अपील चालत नाही. एखाद्या संसदीय समितीवर त्याची नेमणूक झाली, तर तोच आपोआप तिचा प्रमुख होतो. अनुच्छेद ९४ मधील एक तरतूद तर फारच बोलकी आहे : उपाध्यक्षाने राजीनामा अध्यक्षांना द्यायचा आणि अध्यक्षांनी राजीनामा उपाध्यक्षाला. राष्ट्रपतींना नाही, पंतप्रधानांनाही नाही. सभागृहाचे प्रमुखपद सरकारच्या हातून कोठेही जाऊ नये, म्हणून घटनाकारांनी या दोन खुर्च्या एकमेकींना बांधून ठेवल्या आहेत.

या पदाची वंशावळ स्वातंत्र्याहून जुनी आहे. मॉण्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर १९२१ मध्ये दिल्लीत मध्यवर्ती विधिमंडळ सुरू झाले, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष सर फ्रेडरिक व्हाइट सरकारने नेमलेले होते. उपाध्यक्ष मात्र सभासदांनी निवडायचा होता. सच्चिदानंद सिन्हा हे पहिले, आणि त्यांच्यानंतर लगेच मुंबईच्या प्रसिद्ध पारशी घराण्यातील सर जमशेटजी जीजीभाई. निर्वाचित अध्यक्ष मिळायला १९२५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी विठ्ठलभाई पटेल निवडून आले. भारतीयांच्या मतांनी दिल्लीच्या पीठावर बसलेला पहिला माणूस हा असा ‘उप’ होता.

आता पुन्हा १९६९.

३ मे रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे निधन झाले. पदावर असताना निधन पावलेले ते पहिले राष्ट्रपती. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी कार्यवाहक राष्ट्रपती झाले आणि त्याच क्षणी राज्यसभेची खुर्ची अनुच्छेद ९१ प्रमाणे व्हायोलेट अल्वांकडे आली. पुढचा राष्ट्रपती कोण, यावरून काँग्रेसमध्ये ठिणगी पडली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बंगळूरच्या बैठकीत पक्षश्रेष्ठींनी, ज्यांना ‘सिंडिकेट’ म्हणत त्यांनी, इंदिरा गांधींच्या इच्छेविरुद्ध नीलम संजीव रेड्डींचे नाव पुढे केले. रेड्डी तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष होते. गिरींनीही स्वतंत्रपणे उभे राहण्याचे ठरवले. इंदिराजींनी १६ जुलै रोजी मोरारजी देसाईंकडून अर्थखाते काढून घेतले आणि १९ जुलैला चौदा मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर स्वाक्षरी करून दुसऱ्या दिवशी गिरी पायउतार झाले. रेड्डींनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला तोही १९ जुलैलाच. अनुच्छेद ९४ प्रमाणे तो ज्यांच्या नावे द्यायचा, ते उपाध्यक्ष होते खाडिलकर.

खाडिलकर हे काँग्रेसच्या मुशीत घडलेले पुढारी नव्हते. ते डाव्या, शेतकरी-कामगार चळवळीच्या वर्तुळातून आले होते. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत अहमदनगरमधून ते काँग्रेसबाहेरचे उमेदवार म्हणून लोकसभेत पोहोचले. पुढे काँग्रेसमध्ये आले आणि १९६२ व १९६७ मध्ये खेडमधून निवडून गेले. २८ मार्च १९६७ रोजी ते उपाध्यक्ष झाले. तो काळ सोपा नव्हता. चौथ्या लोकसभेत काँग्रेसचे बहुमत पूर्वीपेक्षा बरेच आटले होते, विरोधी बाक भरले होते आणि राममनोहर लोहियांसारखे बिनीचे वक्ते समोर बसत होते. अशा सभागृहात दोन वर्षे खुर्ची चालवल्यावर, ध्यानीमनी नसताना, ती पूर्णपणे त्यांच्या अंगावर आली.

बँक राष्ट्रीयीकरणाचे विधेयक २५ जुलैला लोकसभेत मांडले गेले. वटहुकमाची जागा घेणारे हे विधेयक होते, त्यामुळे वेळेचे बंधन होते. चौदा बँकांपैकी सेंट्रल बँक, बँक ऑफ इंडिया, युनियन बँक आणि देना बँक यांची मुख्य कार्यालये मुंबईत होती, तर बँक ऑफ महाराष्ट्र पुण्याची, खाडिलकरांच्या मतदारसंघाच्या अगदी शेजारची. सत्ताधारी पक्ष आतून फाटत होता. अर्थखाते गमावलेले मोरारजीभाई सभागृहातच होते. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ विरोधात, तर डावे पक्ष उत्साहाने बाजूने. अशा वेळी कोणाला बोलू द्यायचे, कोणती दुरुस्ती दाखल करून घ्यायची, हरकतीच्या मुद्द्यावर काय निर्णय द्यायचा, मतविभाजन कधी घ्यायचे, या सगळ्याला किती वजन येते हे सांगायला नको. मते समसमान पडली तर निर्णायक मतही खुर्चीचेच. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लोकसभेने विधेयक संमत केले, त्यानंतर लगेच राज्यसभेने, आणि ९ ऑगस्टला हिदायतुल्लांनी त्यास अनुमती दिली. (हिदायतुल्ला हे नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. दहा वर्षांनी ते उपराष्ट्रपती झाले, आणि अर्थातच राज्यसभेचे सभापतीही.)

वटहुकमावर सही करणारा कार्यवाहक राष्ट्रपती, कायद्याला अनुमती देणारा दुसराच कार्यवाहक राष्ट्रपती, आणि मधल्या प्रवासात दोन्ही सभागृहांची धुरा ‘उप’ अधिकाऱ्यांकडे. पुढे फेब्रुवारी १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द ठरवला आणि सरकारला नवा कायदा करावा लागला. तो वाद मूलभूत हक्कांचा, विशेषतः भरपाईचा होता. खुर्चीत पूर्णवेळ अध्यक्ष नव्हता म्हणून संसदेचे काम दुबळे ठरले, असे मात्र झाले नाही. अनुच्छेद ९५ ने आपले काम इतके निमूटपणे केले की इतिहासाच्या पुस्तकांनाही त्याची नोंद घ्यावीशी वाटली नाही.

८ ऑगस्टला गुरदयाल सिंग धिल्लों अध्यक्ष निवडले गेले आणि खाडिलकरांचा वीस दिवसांचा प्रयोग संपला. १ नोव्हेंबरला त्यांनी उपाध्यक्षपदही सोडले आणि पुढे ते केंद्रीय मंत्री झाले. १९७१ मध्ये बारामतीतून निवडून आल्यावर त्यांच्याकडे श्रम व पुनर्वसन खाते आले आणि पूर्व बंगालमधून लोटलेल्या निर्वासितांचा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला. फाळणीनंतरच्या निर्वासित छावणीतून उल्हासनगर उभे राहिलेले ज्यांनी पाहिले, त्या कल्याण-बदलापूर पट्ट्याला या खात्याचे नाव चांगलेच परिचयाचे होते.

व्हायोलेट अल्वांच्या वाट्याला असे काही आले नाही. अहमदाबादेत जन्मलेल्या व्हायोलेट मुंबईत वकील आणि पत्रकार म्हणून पुढे आल्या. १९४३ मध्ये अटक झाली तेव्हा काही महिन्यांचे मूल बरोबर घेऊन त्या तुरुंगात गेल्या होत्या. पती जोकिम अल्वा आणि त्या, असे हे संसदेतील पहिले दांपत्य. १९६२ पासून त्या उपसभापती होत्या. ३ मे ते ३१ ऑगस्ट १९६९, म्हणजे नवे उपराष्ट्रपती गोपाल स्वरूप पाठक पदावर येईपर्यंत, जवळजवळ चार महिने राज्यसभेला त्यांच्याखेरीज प्रमुख नव्हता. सात वर्षांच्या अनुभवानंतर उपराष्ट्रपतिपदासाठी आपला विचार व्हावा, अशी त्यांची अपेक्षा होती. इंदिराजींनी पाठिंबा दिला नाही. नोव्हेंबरच्या मध्यास अल्वांनी उपसभापतिपदाचा राजीनामा दिला आणि त्यानंतर काही दिवसांतच, २० नोव्हेंबर रोजी, मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. १९६९ च्या कहाणीत गिरी, रेड्डी, मोरारजी ही नावे पुन्हा पुन्हा येतात. अल्वांचे नाव तळटिपेतही क्वचितच सापडते, आणि हा त्यांच्यावरचा अन्याय आहे.

एव्हाना काँग्रेस फुटली होती. १२ नोव्हेंबरला इंदिरा गांधींची पक्षातून हकालपट्टी झाली, पक्षाचे दोन तुकडे झाले आणि सरकारला लोकसभेत स्वतःचे बहुमत उरले नाही. डावे, द्रमुक आणि लहान पक्ष यांच्या आधारावर कारभार चालू लागला. नेमक्या याच वेळी दोन्ही ‘उप’ खुर्च्या रिकाम्या होत्या. ९ डिसेंबरला लोकसभेचे उपाध्यक्ष झाले जी. जी. स्वेल, आसामच्या डोंगराळ भागाच्या प्रादेशिक पक्षाचे नेते. १७ डिसेंबरला राज्यसभेचे उपसभापती झाले चांद्याचे बॅरिस्टर भाऊराव देवाजी खोब्रागडे, रिपब्लिकन पक्षाचे. फुटलेल्या पक्षाचे संसदेतील गणित समोर ठेवल्याशिवाय या दोन निवडींचा अर्थ लागत नाही. दोन्ही जागा आठ दिवसांच्या अंतराने काँग्रेसबाहेरच्या, लहान आणि परिघावरच्या गटांकडे जाणे हा योगायोग मानणे कठीण आहे.

पण गणिताने खुर्ची मिळाली, म्हणून तिचे मोल उणे होत नाही. राजाभाऊ खोब्रागडे हे विलायतेत शिकून बॅरिस्टर झालेले आंबेडकरी चळवळीतील अग्रणी. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांच्या उपस्थितीत चांद्याला दीक्षा समारंभ झाला, त्याच्या आयोजनात राजाभाऊ पुढे होते. बाबासाहेब स्वतः १९५२ पासून अखेरपर्यंत राज्यसभेचे सदस्य होते. ज्या सभागृहात ते सदस्यांच्या बाकावर बसले, त्याच सभागृहाचे नियमन तेरा वर्षांनंतर त्यांचा अनुयायी करू लागला. खोब्रागडे एप्रिल १९७२ पर्यंत या पदावर होते. महाराष्ट्रातील संसदीय इतिहासाच्या गप्पांत ही गोष्ट जितकी यायला हवी तितकी येत नाही.

विरोधकांतून उपाध्यक्ष निवडण्याची कल्पना याआधीची आहे. फेब्रुवारी १९५६ मध्ये पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांचे निधन झाले. उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार यांनी काही दिवस खुर्ची सांभाळली, मग तेच अध्यक्ष झाले आणि रिकाम्या झालेल्या उपाध्यक्षपदावर अकाली दलाचे सरदार हुकुम सिंग बसले. पंडित नेहरूंचा त्यास पाठिंबा होता. ही नियमाने घातलेली अट नव्हती, नुसता पायंडा होता आणि तो अनेकदा मोडलाही. खाडिलकर स्वतः सत्ताधारी पक्षाचेच होते. १९८० च्या दशकात मित्रपक्षांना ही जागा दिली गेली. १९९० पासून मात्र पायंडा बळावला. विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात उपाध्यक्ष झाले लातूरचे शिवराज पाटील, विरोधी बाकांवरील काँग्रेसचे. पुढच्याच लोकसभेत ते अध्यक्ष झाले. त्यानंतर मल्लिकार्जुनय्या, सूरज भान, पी. एम. सईद, चरणजितसिंग अटवाल, करिया मुंडा : २०१४ पर्यंत सलग विरोधी पक्षांतले.

दरम्यान राज्यसभेत १९६९ ची छोटी पुनरावृत्ती घडली. जुलै १९८७ मध्ये उपराष्ट्रपती रामस्वामी वेंकटरमण राष्ट्रपती झाले आणि सप्टेंबरच्या प्रारंभी शंकर दयाळ शर्मा येईपर्यंत सभापतिपदाची कर्तव्ये उपसभापती प्रतिभाताई पाटील यांनी पार पाडली. वीस वर्षांनी त्याच राष्ट्रपती झाल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. मधले ते सहा आठवडे कोणाला आठवत नाहीत.

२००२ चा प्रसंग अधिक गंभीर होता. ३ मार्चला अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी हेलिकॉप्टर अपघातात गेले. १० मे रोजी मनोहर जोशी अध्यक्ष होईपर्यंत लोकसभेची जबाबदारी उपाध्यक्ष सईद यांच्यावर होती. ते सरकारविरोधी बाकांवरील काँग्रेसचे. याच दोन महिन्यांत दहशतवादविरोधी ‘पोटा’ कायद्यासाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक भरली, ४२५ विरुद्ध २९६ मतांनी कायदा संमत झाला. गुजरातमधील दंगलींवर रात्र उलटेपर्यंत चाललेली चर्चाही याच काळातली. ज्या कायद्याला आणि ज्या सरकारला स्वतःचा पक्ष कडाडून विरोध करत होता, त्याच सरकारचे कामकाज सईद यांनी चालवले. विरोधकांचा उपाध्यक्ष म्हणजे अडथळा, या भीतीला इतिहासाने दिलेले हे उत्तर आहे.

महाराष्ट्राने हाच धडा आपल्या विधानसभेत पाहिला आणि त्याचा सूर बराच कडवट होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी अध्यक्षपद सोडले. त्यानंतर जवळपास दीड वर्ष अध्यक्षाची निवडच झाली नाही, उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ काम पाहत राहिले. मग जून २०२२ चे शिवसेनेतील बंड. झिरवाळांनी सोळा आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या. त्यांत ठाण्याचे एकनाथ शिंदे होते, तसेच खरवईच्या शेजारच्या अंबरनाथचे आमदार बालाजी किणीकरही. बंडखोरांचे म्हणणे असे की, उपाध्यक्षांना हटवण्याची नोटीस आम्ही दिली असताना ते आमच्या अपात्रतेचा निर्णय घेऊ शकत नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, २७ जूनला आमदारांना उत्तरासाठी १२ जुलैपर्यंत मुदत मिळाली आणि त्याआधीच सरकार पडले. ३ जुलै रोजी नव्या अध्यक्षांची निवड झाली, त्या वेळीही खुर्चीत झिरवाळच होते. एका राज्याच्या सत्तेचा प्रश्न काही दिवस ‘उप’ खुर्चीभोवती फिरत होता. ती खुर्ची शोभेची आहे, असे त्या आठवड्यात कोणीही म्हटले नसते.

आणि तरीही दिल्लीत ती रिकामी राहिली. २०१९ मध्ये निवडून आलेल्या सतराव्या लोकसभेने उपाध्यक्ष न निवडताच आपली पाच वर्षे पूर्ण केली. असे पूर्वी कधी घडले नव्हते. यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. लोकसभेच्या नियमांनुसार अध्यक्षाच्या निवडीची तारीख राष्ट्रपती ठरवतात, उपाध्यक्षाच्या निवडीची तारीख अध्यक्ष ठरवतात. अध्यक्षांनी तारीखच ठरवली नाही तर काय, याचे उत्तर नियमात नाही. संविधान ‘शक्य तितक्या लवकर’ म्हणते, पण मुदत घालत नाही. अध्यक्षांच्या गैरहजेरीत सभापती-तालिकेतील सदस्य आळीपाळीने खुर्चीत बसतात आणि रोजचे कामकाज चालते. परंतु तालिका अध्यक्षांनीच नेमलेली असते, सभागृहाने निवडलेली नसते. अध्यक्षपद रिक्त झाले तर तालिकेतील सदस्याला ते आपोआप चालवता येत नाही, राष्ट्रपतींनी कोणाला तरी नेमावे लागते. १९२१ साली जी गोष्ट भारतीयांनी सरकारच्या हातून सोडवून घ्यायला सुरुवात केली, ती अशा प्रसंगी पुन्हा सरकारच्या सल्ल्यावर येऊन ठेपते. आणि राजीनाम्याचे काय? १९ जुलै १९६९ रोजी रेड्डींच्या राजीनाम्याला घटनेने नेमून दिलेला पत्ता होता. २०१९ ते २०२४ या काळात तो पत्ता रिकामा होता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये लोकसभा आणि पाच राज्यांच्या विधानसभांतील रिक्त उपाध्यक्षपदांबाबत दाखल झालेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला उत्तर मागितले. जून २०२४ मध्ये अठरावी लोकसभा भरली, पहिल्याच आठवड्यात अध्यक्ष निवडले गेले. विरोधकांनी उपाध्यक्षपद आपल्याला मिळावे अशी मागणी केली, ती मान्य झाली नाही म्हणून अध्यक्षपदासाठी आपला उमेदवार उभा केला. उपाध्यक्षाच्या निवडीची तारीख मात्र त्या अधिवेशनात जाहीर झाली नाही, पुढच्याही अधिवेशनात नाही.